मोकळं दिसणारं पान

पियानोचं पान जितकं मोकळं दिसेल तितकं ते वाजवायला सोपं, असं मी माझ्या नातीला एकदा ठासून सांगितलं होतं. हा मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते. बरं, नुसतं सांगून थांबले असते तरी चाललं असतं. मी त्याच अकलेने तिच्यासाठी एक तुकडा निवडला, तिच्या टीचरना न विचारता, आणि नऊ वर्षांच्या त्या पोरीचं वाजवणं जवळजवळ कायमचं बंद पाडलं.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. एकसष्ट म्हणजे तशी कोवळीच. नुकती निवृत्त झालेली, गुडघे शाबूत, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर आपलं मत असलंच पाहिजे अशी खुमखुमी. आता सत्तरीला टेकल्यावर त्या एकसष्टीच्या बाईची आठवण झाली की तिचा कान धरावासा वाटतो. पण धरायला गेले तर माझाच हाती येतो, काय करता!

पियानो वसईतल्या आमच्या एव्हरशाईन सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर कसा आला, ते आधी सांगते. सुनेच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर वसई गावात. त्या घरातली मुलं परदेशी गेली, म्हाताऱ्यांनी घर आवरायला काढलं, आणि पियानो आमच्याकडे आला. विजेवर चालणारा होता, पण पट्ट्या पुऱ्या अठ्ठ्याऐंशी आणि खाली पायाशी स्वर लांबवायची पेडलं. सोबत पुठ्ठ्याचा एक खोका, स्वरलिपीच्या पुस्तकांनी भरलेला. पियानोने आमचं काही वाईट केलं नाही. जे केलं ते त्या खोक्याने आणि मी.

नात माझी अबोल. शाळेतल्या बाई सुनेला विचारायच्या, "ही घरी तरी बोलते ना?" पण पियानोवर बसली की पोरगी वेगळीच. सकाळी शाळेची व्हॅन यायच्या आधी, एक मोजा पायात आणि एक मांडीवर, अशी बसून आपले छोटे छोटे तुकडे वाजवायची. कुणी सांगायला लागत नव्हतं. उलट "अगं, व्हॅन आली, ऊठ" असं ओरडावं लागायचं. घरात तेवढीच एक वेळ होती जेव्हा ती कुणाकडेही न बघता मान वर करून बसलेली दिसायची.

ते मी घालवलं. कसं, ते समजायला माझी पेटी मध्ये आणावी लागेल.

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात मी तीस वर्षं पेटी वाजवली. शिकले म्हणजे काय, शेजारच्या काकूंच्या बोटांकडे बघून उचलली. मला राग विचारू नका, पट्टी विचारा. आमच्या बायकांचा सूर काळी चार. काळी चारमध्ये तुम्ही मला झोपेतून उठवून वाजवायला सांगा. पेटीचा हिशेब साधा असतो. डावा हात भाता मारतो, उजवा वाजवतो. अवघड काय, तर जलद चाल. बायका चढीला लागल्या की बोटं धावतात आणि घाम फुटतो. संथ चाल असली की सुटले. स्वर दाबून धरायचा, भाता हलवत राहायचा, तेवढ्यात पुढच्या बाईशी दोन शब्द बोलूनही होतात. हळू ते सोपं, जलद ते अवघड. तीस वर्षांत मला याहून वेगळं काही कळायची गरजच पडली नव्हती.

नातीच्या टीचर वसई गावातल्या, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि घरी मुलांना पियानो शिकवायच्या. वय माझ्याहून थोडं कमी, आवाज माझ्याहून मोठा. नाताळ होऊन गेला की जानेवारीतल्या एका रविवारी त्या आपल्या अंगणात मांडव घालत, पियानो ओढून व्हरांड्यात आणत आणि सगळ्या मुलांना पालकांसमोर वाजवायला बसवत. त्यांचा एक नियम होता. प्रत्येकाने दोन तुकडे वाजवायचे: एक सध्याच्या पायरीवरचा आणि एक त्याच्या खालच्या पायरीवरचा, गेल्या वर्षी शिकलेला. आणि खालचा आधी.

हा नियम ऐकूनच माझं डोकं फिरलं. गेल्या वर्षीचं काय वाजवायचं लोकांसमोर? दहावीच्या मुलीला स्टेजवर उभी करून नववीच्या कविता म्हणायला लावतात का कुणी?

त्यात माझ्या विहीणबाई येणार होत्या. सुनेची आई, विरारला असतात, निवृत्त मुख्याध्यापिका. आदल्या वर्षी नातीचं वाजवणं ऐकून म्हणाल्या होत्या, "छान हो. खेळण्यातल्यासारखं गोड वाजवते." ते 'खेळण्यातल्यासारखं' माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. म्हटलं, या वर्षी विहीणबाईंना असं काही ऐकवायचं की त्यांनी पर्समधून रुमाल काढला पाहिजे.

म्हणून मी खोका उघडला.

बारा-पंधरा पुस्तकं निघाली. पलंगावर मांडली आणि सोप्यापासून अवघडापर्यंत रांग लावायला बसले. आयुष्यभर ऑफिसात फायली लावलेली बाई मी, म्हटलं अर्ध्या तासाचं काम. अर्धा दिवस गेला. एका पुस्तकावर 'लेव्हल दोन', आत उघडलं तर दोन्ही हात आपापल्या जागी गुमान बसलेले, पाच बोटं पाच पट्ट्यांवर, इकडची तिकडे नाही. दुसऱ्यावरही 'लेव्हल दोन', आणि आत डावा हात पळतोय, उजवा उड्या मारतोय. तिसऱ्यावर आकडाच नाही, नुसतं 'बिगिनर'. चौथ्यावर 'लेट एलिमेंटरी', पाचव्यावर 'अर्ली इंटरमीजिएट'. आता या दोघांत वर कोण? आणि दोघांच्या मध्ये काय, पोटमाळा? सहाव्यावर मोठ्या अक्षरात 'सोप्या केलेल्या रचना', आणि पहिलंच पान असं की मुंग्यांचं वारूळ फुटलंय. कुणासाठी सोप्या केल्या या? चपलेचा नंबर बरा. दुकान बदललं तरी फार तर अर्ध्या नंबराचा फरक पडतो. इथे प्रत्येक छापणाऱ्याचा पाय वेगळा!

मोबाईलवर शोधलं तर आणखी वैताग. कुणीतरी एक हसतमुख तरुण सांगतोय, "एकदम बिगिनर्ससाठी आहे हे," आणि त्याचे हात पट्ट्यांवर असे पसरतात की आमच्या घरातली तीन माणसं मिळून बसली तरी तेवढा पल्ला गाठायची नाहीत.

सून ऑफिसातून आली, पलंग बघितला आणि म्हणाली, "आई, एवढं कशाला? टीचरना विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? मला वाचता येत नाही का?"

येत होतं म्हणा थोडंफार. नातीच्या पहिल्या पुस्तकावरून, भिंग घेऊन, एकेका ठिपक्याखाली बोट ठेवत मी दोन महिन्यांत स्वरलिपी शिकले होते. काळा ठिपका एक मात्रा, पोकळ ठिपका दोन मात्रा. एवढं समजल्यावर मी स्वतःला या क्षेत्रातली जाणकार समजू लागले होते.

आणि मग मला ते पान सापडलं. एकच पान. मोकळं, ऐसपैस, बहुतेक ठिपके पोकळ. वर लिहिलेलं, सावकाश वाजवावे. त्याच्याही वर कोपऱ्यात छापलेलं 'इंटरमीजिएट'. मी बोटाने पट्ट्या मोजल्या, तर शेवटचा स्वर कुठे येऊन टेकला? काळी चारवर! आमच्या मंडळाची पट्टी! मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. संथ, मोजके स्वर, पट्टी घरची, आणि शिक्का इंटरमीजिएटचा. टीचरांनी नातीला जो तुकडा दिला होता तो शेजारी ठेवून बघितला. काळ्या ठिपक्यांनी खच्चून भरलेला, आणि वर पेन्सिलीने नुसता दोनचा आकडा. मनात म्हटलं, या टीचर पोरीला राबवतात जास्त आणि नाव देतात कमी.

"हे बघ," मी नातीला म्हणाले, "टीचरना सांगायचं नाही. त्यांना आणि विरारच्या आजीला सरप्राईज. अगदी सोपं आहे. बघ, पान केवढं मोकळं आहे."

ती पानाकडे बघत राहिली. "खूप काळ्या पट्ट्या आहेत."

"काळ्या पट्ट्या तर आणखी सोप्या. मी आहे ना!"

पुढचा महिनाभर आमच्या घरात जे चाललं त्याला रियाज म्हणवत नाही. नात अंगाने लहानखुरी. स्टुलावर बसली की पाय लोंबकळायचे, म्हणून मी खाली पाट ठेवला होता. त्या पाटामुळे पेडल झाकलं जायचं. आणि त्या पानावर दर दुसऱ्या स्वराखाली पेडलची खूण!

"आजी, पायाचं कसं करू?"

"पायाचं राहू दे. पाय काय गातो का?"

"माझा डावा हात पुरत नाहीये."

"ताण जरा. ताणली की बोटं लांब होतात."

"दुखतंय."

"यात दुखण्यासारखं आहे काय? मोजून बघ, अख्ख्या ओळीत दहा-बारा स्वर."

ती दाबायची, स्वर वाजायचा आणि विझायचा. पुढचा स्वर येईपर्यंत मध्ये नुसती भकास शांतता. मी मागून ओरडायची, "धरून ठेव, धरून ठेव!" ती बिचारी पेरं पांढरी पडेपर्यंत पट्टी दाबून धरायची. स्वर तरी विझायचाच. मला वाटायचं पोरगी कंटाळा करतेय. खरं तर माझ्याही कानाला काहीतरी खटकत होतं, पण त्या वयात मला खटकलेल्या गोष्टीचं खापर मी नेहमी समोरच्यावर फोडत असे.

मग सकाळचं वाजवणं थांबलं. आधी मला कळलंही नाही. व्हॅन यायच्या आधी ती दारात बूट-मोजे घालून तयार उभी. मी सुनेला म्हटलं सुद्धा, "बघ, केवढी शिस्त लागली." पियानोवरचं कापड दोन दोन दिवस निघेना, आणि त्या कापडावर इस्त्रीचे कपडे येऊन बसले.

कार्यक्रमाला दोन आठवडे उरले तेव्हा एका शनिवारी क्लासला निघायची वेळ झाली, रिक्षा खाली आली, आणि ही सोफ्यावर तशीच.

"चल ग."

"मी नाही येणार."

"पोट दुखतंय?"

"नाही. मला पियानो येत नाही."

"कोण म्हणतं असं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती, तेच वाईट. अगदी गणित सोडवून दाखवावं तसं म्हणाली, "तूच म्हणालीस ना हे सोपं आहे. मला सोपं पण येत नाही. मग पुढचं कसं येणार? मला नाही शिकायचं आता."

मला ऑफिसात साहेबांनी चारचौघांत झापलं होतं तेव्हासुद्धा इतकी तोंडात मारल्यासारखी झाले नव्हते. तिने काय केलं होतं? माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मी म्हटलं सोपं, म्हणून ते सोपं. येत नाही, म्हणजे खोट आपल्यात. ती स्वतःवरच शिक्का मारून मोकळी झाली होती, आणि शिक्का माझ्या हातचा.

रिक्षा खाली थांबलेलीच होती. ते पान पिशवीत घातलं आणि एकटीच वसई गावात गेले.

टीचरांच्या व्हरांड्यात छोट्या चपलांची रांग. आत दोन वेण्यांची सहा वर्षांची एक मुलगी पियानोवर, टीचर शेजारी. मी पान पुढे केलं. टीचरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पान वाचलं, परत एकदा वाचलं.

"हे कोनी दिलं तिला?"

"मी."

"कोनाला विचारून?"

वेण्यावाली मुलगी माझ्याकडे बघू लागली.

"तरी मी म्हनते, पोरीचे खांदे एवढे वर का चढलेत महिनाभर. बोटं लाकडासारखी झालीयत. मला वाटलं शाळेत काय झालं असंल. बसा."

"कोण, मी?"

"मग कोन, बिशप? ऊठ ग बाय, आजीला जागा दे."

मी बसले. उजव्या हाताचे पहिले तीन स्वर एकदम दाबायचे होते. दाबले.

"आता असं वाजवा की वरचा स्वर गातोय आनि खालचे दोन नुसते कुजबुजतायत."

"एकाच हाताने?"

"मग काय उसना हात आनता?"

मी पुन्हा दाबले. तिन्ही स्वर एकदम ओरडले. आणखी एकदा. तिन्ही ओरडले. टीचर म्हणाल्या, "काकू, ह्या तुमच्या भजनातल्या बायका झाल्या. सगळ्या पुढे, मागे कोनीच नाय." वेण्यावाली खुदकन हसली. मग डावा हात. माझा हात काही लहान नाही, पण खालच्या स्वरावर करंगळी ठेवली तर अंगठा वरच्या स्वराच्या अलीकडेच लटकला. नऊ वर्षांच्या हाताला मी 'ताण' म्हणाले होते.

"इथं पहिला स्वर पेडलवर धरायचा आनि हात उचलून पुढं न्यायचा," टीचर म्हणाल्या. "पेडल नाय तर हा तुकडाच नाय. पायाखाली पाट ठेवते ना ती घरी?"

"मीच ठेवला."

"वा!"

मी म्हटलं, "पण टीचर, एवढं मोकळं पान. स्वर किती थोडे!"

तेव्हा मात्र त्यांचा सूर जरा खाली आला. "तुमच्या पेटीत भाता चालू आहे तोवर स्वर जिवंत. इथं पट्टी दाबली त्याच क्षनी तो मरायला लागतो. त्याच्या मरनाच्या मापात पुढचा स्वर ठेवायचा. जास्त नाय, कमी नाय. पानावर जी जागा तुम्हाला मोकळी दिसली ना, सगळं काम तिथं आहे."

मग त्यांनी नातीचा मूळचा तुकडा काढला. तोच, काळ्या ठिपक्यांनी खच्चून भरलेला. "डाव्या हाताचं वाचा. पहिल्या ओळीत काय करतो?"

मी पेटीच्या भाषेत वाचलं. "सा प ग प, सा प ग प."

"दुसऱ्या ओळीत?"

"तेच."

"तिसऱ्या?"

"तेच. एकच बोट बदललंय."

"मग पान काळं आहे, पन शिकायचं किती? मूठभर. हात जागेवरनं हलत नाय, पट्ट्या सगळ्या पांढऱ्या, दोन्ही हातांचं भांडन नाय. पोरगी चार दिवसांत वाजवनार आनि वर म्हननार, टीचर, मी किती जलद वाजवते!"

मी पुस्तकांवरच्या लेव्हलांबद्दल तक्रार काढली. एवढी चीड साठली होती, कुठेतरी काढायलाच हवी होती. टीचरांनी कपाट उघडून दाखवलं. प्रत्येक तुकड्यावर छापील आकडा काट मारून पेन्सिलीने त्यांचा स्वतःचा आकडा. काही पानांवर दोन दोन.

"हे काय? एकाच तुकड्याला तीन पन आणि चार पन?" मीही त्यांच्यासारखीच बोलू लागले होते.

"लांब बोटं असलेल्याला तीन. आखूड बोटं असलेल्याला चार. छापनारा पोराचा हात बघायला येतो काय? आनि नवा तुकडा दिला की मी बघते, पहिल्या दिवशी पोरगं सावकाश का होईना, पडत-धडपडत शेवटपर्यंत पोचतं का. पोचलं तर तुकडा त्याचा. प्रत्येक पावलावर अडलं तर मी पुस्तक मिटते. आनि मिटताना सांगते, हे पुस्तक आज आपलं नाय. तू वाईट वाजवतेस असं नाय सांगत."

"आणि कार्यक्रमात खालच्या पायरीचं आधी कशाला?"

"चारशे डोळे बघत असले की हात थरथरतो. आधी जे पक्कं येतं ते वाजवलं की हाताला आठवतं, आपन कोन आहोत ते." मग पान माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "काकू, अवघड तुकडा दिलात त्याचं मला काय नाय. पोरं अवघड मागतात, आपटतात, हसतात, सोडून देतात. सोपा म्हनून दिलात, ते वाईट केलंत."

"आता?"

"तिला सांगा, चूक तुमची होती."

"सांगते."

"नुसतं सांगून काय होनार? कार्यक्रमात तुम्ही वाजवायचं. लेव्हल एक. दोन आठवडे आहेत."

"अहो, माझ्या विहीणबाई येणार आहेत!"

"मग तर बरंच."

वेण्यावालीने आपलं पुस्तक उघडून मला एक तुकडा दाखवला. "हा घ्या आजी, हा छान आहे. मी गेल्या वर्षी वाजवलेला." त्यात बेडकाचं चित्र होतं.

घरी येऊन नातीला सगळं सांगितलं. ते पान इंटरमीजिएटचं होतं, तुझ्या हातापेक्षा मोठं होतं, पाट ठेवून पायाचं कामच मी काढून टाकलं होतं, आणि मला स्वतःलाही पहिली ओळ येत नाही. ती ऐकून म्हणाली, "बरं." आणि गृहपाठाला बसली. मी काय अपेक्षा केली होती? गळ्यात पडेल? एक महिना सोपं सोपं म्हणून डोकं खाल्लं होतं तिचं, ते एका कबुलीने थोडंच उतरणार!

मग मी बेडकाचा तुकडा घेऊन बसले. आठ-आठ मात्रांच्या तीन ओळी. दोन्ही हात एका जागी. चित्र मोठं, ठिपके मोठे. आणि माझा डावा हात! तीस वर्षं भाता मारलेला हात तो. आपल्याला पाच वेगवेगळी बोटं आहेत ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. उजव्याने वाजवायला घेतलं की डावा आपला हवेत मागेपुढे, मागेपुढे. सून दाराआडून तोंडाला पदर, म्हणजे ओढणी, लावून हसत होती. मुलगा म्हणाला, "आई, पियानोत हवा भरतेयस का?" रोज त्याच तीन ओळी, रोज तिसऱ्या ओळीत गाडी घसरायची. एक मात्र केलं. 'सोपं' हा शब्द तोंडातून काढला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी जेवणाच्या टेबलावरून, वहीतून मान वर न करता आवाज आला, "आजी, डाव्या हाताचं चौथं बोट."

"काय झालं त्याला?"

"ते यायचं असतं तिथे. तू तिसरंच परत परत आणतेस."

मी चौथं बोट शोधून आणलं. पण ती काही उठून जवळ आली नाही. पियानोला तिचा हात लागला नाही तो नाहीच.

कार्यक्रमाच्या रविवारी ती माझ्याबरोबर आली, पण वाजवणार नाही असं सांगूनच. टीचरांनी एका शब्दाने आग्रह केला नाही. "नको वाजवू बाय. आजीच्या शेजारी बस, पान उलटायला." माझा तुकडा एकाच पानाचा होता, उलटायचं काय होतं त्यात! पण नात स्टूल ओढून बसली.

समोर मांडव भरलेला. पहिल्या रांगेत विहीणबाई, हिरव्या साडीत. माझ्या आधी वेण्यावाली झाली, टाळ्या घेऊन गेली. मग टीचरांनी पुकारलं, "आमची सगळ्यात नवीन विद्यार्थिनी." लोक लहान मूल शोधू लागले आणि मी उठले.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीत चौथं बोट गायब. मी थांबले. पेटीवर चुकलं तर बायका गातच असतात, त्यांच्या आवाजात चूक बुडून जाते. इथे माझ्या चुकीवर पांघरूण घालायला अख्ख्या वसईत कुणी नव्हतं. डावा हात उचलला गेला आणि सगळ्यांसमोर त्याने हवेत भाता मारला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. उठून सरळ रिक्षा स्टँड गाठावा असं वाटलं.

तेवढ्यात नातीचं बोट पानावर आलं, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. "इथून," ती हळूच म्हणाली. "सावकाश. मी मोजते."

ती मोजत गेली, एक दोन तीन चार, आणि मी धडपडत शेवटाला पोचले. विहीणबाई टाळ्या वाजवत व्हरांड्यापर्यंत आल्या. "धीर मानला तुमचा. मी असते तर मधूनच पळाले असते." त्यांच्या हातात रुमाल होता, पण तो हसून हसून डोळे पुसायला. तरी का कोण जाणे, त्या दिवशी त्या बाई मला पहिल्यांदा आवडल्या.

नातीचं नाव आलं तेव्हा टीचरांनी ते वगळून पुढचं घेतलं. नात बाकीच्यांचं ऐकत राहिली. मी तिच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर होते, आणि बोटं हलत होती की नाही ते मला माझ्या चष्म्यातून नीट दिसलं नाही. जे दिसलं नाही ते दिसलं असं सांगणार नाही.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. तिने विचारलं, "तुला माहीत होतं तू चुकणार ते?"

"चांगलं माहीत होतं."

"मग बसलीस कशी?"

"टीचरांना घाबरून."

ती हसली. खूप दिवसांनी हसली. मग म्हणाली, "ते सोपं होतं का?"

"नाही ग. मला फार अवघड होतं."

"मला पहिल्यांदा शिकताना पण अवघड होतं," ती म्हणाली. "आता नाहीये."

मला यावर काहीतरी शहाणपणाचं बोलावंसं वाटलं, जीभ अगदी वळवळली, पण मी ती दाताखाली धरली. आमच्या गेटपाशी रिक्षा थांबली. मी खाली उतरून पिशवी सावरत होते तेव्हा ती माझ्या पुढे जाऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, उद्या सकाळी मला वाजवायचंय. तू तेवढा वेळ खाली जाऊन फिरून ये."